रंग खरवडला की इतिहासही जातो

१/
जुन्या अमेरिकी फर्निचरची चर्चा निघाली की महॉगनीच्या कपाटांचे कौतुक होते. रंगवलेल्या पेट्यांना ‘लोककला’ म्हणून बाजूला सारले जाते. हा अन्याय आहे. कोणता समाज काय स्मरणात घेऊन आला, हे त्या रंगांतूनच वाचता येते.

२/
कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरील गिल्फर्ड-सेब्रुक परिसरात १८व्या शतकाच्या आरंभी पेट्यांवर गुलाब, थिसलचे काटेरी फूल आणि राजमुकुट रंगवले जात. वस्ती अमेरिकेतली, चिन्हे मात्र इंग्लंड-स्कॉटलंडच्या राजसत्तेची.

३/
शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टन गावी हात बदलतो. रॉबर्ट क्रॉसमन (१७०७–१७९९) या ढोल बनवणाऱ्या कारागिराच्या मानल्या जाणाऱ्या पेट्यांवर नाजूक वळणांच्या वेली आणि पक्षी दिसतात.

४/
पेनसिल्व्हेनियातील जर्मन भाषकांनी ट्यूलिप, हृदय आणि पक्षी रंगवले. बर्क्स परगण्यातील पेट्यांवर एकशिंगी घोडेही अवतरले. सोबत मालकाचे नाव आणि साल. या पेट्या सरसकट वधूच्या समजल्या जातात, पण अनेकींवर पुरुषांची नावे आहेत. रंगाने लिहिलेले नाव रूढ समजूत खोटी पाडते, ते असे.

५/
‘रंग म्हणजे स्वस्त लाकूड झाकण्याची युक्ती’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. बाल्टिमोरच्या जॉन आणि ह्यू फिनले बंधूंनी धनिकांसाठी खुर्च्यांच्या पाठींवर शहरातील इमारतींची चित्रे रंगवून दिली. १८०९ मध्ये वास्तुकार लॅट्रोब यांनी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या निवासस्थानासाठी आखलेले फर्निचरही त्यांनीच घडवले. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी लावलेल्या आगीत ते भस्मसात झाले.

६/
१८२०च्या दशकात कनेक्टिकटमध्येच लॅम्बर्ट हिचकॉक यांच्या कारखान्यातून स्टेन्सिलने नक्षी उमटवलेल्या खुर्च्या बाहेर पडू लागल्या. सामान्यांच्या घरी देखणी खुर्ची आली, हे चांगलेच झाले. पण एकच नक्षी दूरदूर पोहोचली आणि गावोगावचा वेगळा हात पुसट होत गेला.

७/
उरलेसुरले २०व्या शतकातील हौशी लोकांनी पुसले. ‘नैसर्गिक’ लाकूड दिसावे म्हणून कित्येक जुन्या वस्तूंचा रंग खरवडला गेला. खाली निघाले बहुधा साधे पाइनचे लाकूड. नाव, साल, वेल, मुकुट सारे गेले. विटलेला, पोपडे धरलेला रंग कुरूप वाटला तरी तो तसाच राखला पाहिजे. फळ्या नव्या मिळतील. त्यांवरचे ते नाव पुन्हा मिळणार नाही.