भाषा शिकलो, तो समाज कधी शिकणार?

पुण्यात जपानीचे क्लास जोरात चालतात. जेएलपीटीची एन-थ्री पास झाली की आयटीत भाव वाढतो, हे गणित आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही आता ठाऊक आहे. के-ड्रामा बघून मुली कोरियन शिकू लागल्यात. चांगलंच आहे. पण त्या भाषेतून तिथला समाज, राजकारण, अर्थकारण वाचायचं, त्यात एम.ए., पीएचडी करायची, असं म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. घरचे आधीच विचारतात, "त्यानं पोट भरतं का?"

दक्षिण कोरियातल्या देगू शहराचंच बघा. तिथल्या क्युंगपूक राष्ट्रीय विद्यापीठाजवळ मुस्लिम विद्यार्थ्यांनी मशीद बांधायला घेतली. त्यात पाकिस्तानी, बांगलादेशी बरेच. रीतसर परवाना होता. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि फेब्रुवारी 2021मध्ये प्रशासनानं काम थांबवलं. विद्यार्थी कोर्टात गेले. सप्टेंबर 2022मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले. त्यानंतर मशिदीसमोर डुकरांची मुंडकी आणून ठेवली गेली.

आपल्याकडे यातली मुंडकी तेवढी व्हॉट्सअॅपवर फिरली. द्वेष होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण त्या विद्यार्थ्यांसाठी कोरियन वकील आणि नागरी संघटना उभ्या राहिल्या, हे कुणी फॉरवर्ड केलं नाही. 2018मध्ये जेजू बेटावर पाचेकशे येमेनी निर्वासित आले, तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर सात लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या. ती भीती देगूच्या गल्लीपर्यंत कशी पोचली? आणि याच देशाचा जननदर 2023मध्ये 0.72वर आला. म्हणजे एका बाईमागे सरासरी एक मूलही नाही. गावाकडच्या विद्यापीठांना विद्यार्थी मिळेनात, कारखान्यांना कामगार मिळेनात. सरकारला परदेशी माणूस हवाय, गल्लीला नकोय. हा गुंता इंग्रजी बातम्यांवरून उलगडत नाही. त्यासाठी कोरियन वर्तमानपत्रं, कोर्टाचे निकाल, वॉर्डातल्या बैठका वाचाव्या-ऐकाव्या लागतात.

एकूण भारतालाच ही जाग उशिरा आली म्हणा. 1962च्या युद्धात मार खाल्ल्यावर, 1964मध्ये, दिल्ली विद्यापीठात चीन अभ्यासाचं केंद्र निघालं. आज तोच पूर्व आशिया अध्ययन विभाग आहे. जेएनयूतही असा विभाग आहे.

राहिला पोटाचा प्रश्न. जपान सरकारची मेक्स्ट आणि कोरियाची जीकेएस शिष्यवृत्ती फी भरते, महिन्याला खर्च देते, विमानाचं तिकीटही देते. समाजशास्त्र, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ती मिळते. आपल्याकडे मात्र ती इंजिनिअरांचीच समजली जाते.

संशोधनाला विषय काय घेऊ असं कुणी विचारलं, तर मी देगूची ती गल्ली सुचवेन. मशिदीतल्या पोरांशी तर बोलायचंच, पण समोरच्या घरातल्या आजीशीही बोलायचं. तेही कोरियनमध्ये.