आठवड्याचा वर्ग आणि मातृभाषा

बीदर-कलबुर्गीकडील आम्ही मराठी माणसे भाषिक अन्यायाची कैफियत १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरू करतो. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलमही दिले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्याने प्रयत्न करावा. तो प्रयत्न तोकडा पडला, हे मान्य. परंतु मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवू पाहणारे मराठी ख्रिस्ती पालक हे कलम आपल्या हातांनी उंबऱ्याबाहेर ठेवतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते, हा प्रश्न आणखी वेगळा.

अशा मुलांना आठवड्यातून एकदा एकत्र आणून गायन, चित्रकला, विज्ञान शिकवावे, ही कल्पना स्तुत्यच आहे. पण घरचे धडे इंग्रजीत आणि हा वर्गही इंग्रजीतच, तर मुलाने मराठी वाचावी कोठे?

श्रद्धेसाठी इंग्रजी हवी, असे म्हणणाऱ्यांनी फादर स्टीफन्सना आठवावे. जन्माने इंग्रज, तरी त्यांनी आपले ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले व ते १६१६ मध्ये छापले गेले. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. परक्याला जे जमले, ते आम्हांला जड का व्हावे?

राज्याच्या दारी मातृभाषेचा हक्क मागणाऱ्याने निदान स्वतःच्या वर्गात तरी तिला बसावयास जागा द्यावी. नाहीतर आमची कैफियत आम्हीच खोटी पाडली, असे होईल.