माजी विद्यार्थ्यांकडून पैसा मागायचा की वेळ?

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या पिढ्या आज मंत्रालयापासून अमेरिकेपर्यंत पोहोचल्या आहेत. समाजाच्या अशा कोणत्याही महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी मेळावा पाहावा : पुष्पगुच्छ, आठवणी, आणि शेवटी पावतीपुस्तक. 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थी संघालाही गुण असल्यामुळे कागदावर संघ सगळीकडेच आहेत. आमचा सवाल एवढाच, की या माणसांकडून आधी काय मागायचे?

आम्ही म्हणतो, वेळ. आणि तो प्रवेशाच्या कामासाठी.

स्वयंसेवक हा शब्द ऐकला की आपल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो. हरकत नाही, समता सैनिक दलाचा सैनिक म्हणा! पण काम समजून घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते मुदतीत आले नाही, तर मुलगा राखीव जागेवरून उठून खुल्या प्रवर्गात जातो आणि हाती आलेली जागाही गमावू शकतो. समितीसमोर अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'महार', नातवाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारी १९९० ची दुरुस्ती, वंशावळीचे शपथपत्र, कोतवाल बुकाची नक्कल, हे सारे अठरा वर्षांच्या मुलाने कुठून शोधायचे? त्याचा बाप ऊसतोडीला गेलेला असतो. सायबर कॅफेवाला अर्ज भरून देतो, पण जुनी नोंद कोणत्या कचेरीत सापडेल हे त्याला माहीत नसते. ते ठाऊक असते आपल्या निवृत्त नायब तहसीलदाराला, मुख्याध्यापकाला, वकिलाला. शिष्यवृत्तीचेही तेच. महाडीबीटीवर आधार जोडलेले बँक खाते नसले की पैसे अडकतात आणि महाविद्यालय फीसाठी मुलाच्या मागे लागते.

देणगी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्या, असे बाबासाहेबांनीच सांगितले होते. मात्र १९८७ चा कॅपिटेशन फी बंदी कायदा सद्भावनेच्या देणगीला वाव देतो आणि तिच्या बदल्यात जागा राखून ठेवायला मनाई करतो. म्हणून निधी गोळा करणारा माणूस प्रवेशाच्या टेबलावर बसता कामा नये. पावती दात्याच्या हाती आणि हिशेब फलकावर लागला पाहिजे.

हे वेगळेपण पाळले नाही तर काय होते, ते अमेरिकेत दिसते. हार्वर्डमध्ये अर्जदारांच्या मुलाखती माजी विद्यार्थीच स्वयंसेवक म्हणून घेतात. माजी विद्यार्थ्यांच्या आणि दात्यांच्या मुलांना तेथे प्रवेशात झुकते माप मिळत आले आहे. २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत मोडीत काढली. वारसांच्या सवलतीला मात्र त्या निकालाने धक्का लावला नाही. गुणवत्तेची आणि वारशाची ही सोयरीक आपल्याला का नवी आहे!

आणखी एक धोका आहे. फुकट राबणारी माणसे मिळाली की संस्था लिपिकाची रिकामी जागा भरत नाही आणि शासन शिष्यवृत्ती थकवायला मोकळे होते. तेव्हा आपल्या सैनिकाने अर्ज भरून देतानाच अडलेल्या अर्जांची यादीही करावी. किती दिवस, कोणत्या कचेरीत, कोणत्या त्रुटीसाठी. ती यादी समाजकल्याण आयुक्तांकडे गेली पाहिजे, आणि गरज पडली तर आम्हा वकिलांकडे. उच्च न्यायालयात भाषण चालत नाही, तारखा चालतात.

माजी विद्यार्थी संघांनी यंदाची पहिली बैठक बारावीच्या निकालानंतर नको, अकरावीचे वर्ग सुरू होताच घ्यावी. वैधतेचा अर्ज तेव्हाच टाकता येतो, आणि जुना दाखला शोधायला गावी दोन खेपा घालाव्या लागल्या तरी हाती वेळ उरतो.