डिझाइनचे साधन बंद पडते तेव्हा : अमरावती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळास खुले पत्र

यवतमाळ

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संगणकशास्त्र व अभियांत्रिकी अभ्यास मंडळ,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती.

इनव्हिजन ही सेवा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. २०११ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत डिझायनर अ‍ॅपचे किंवा संकेतस्थळाचे स्क्रीन चढवत असे आणि डेव्हलपर त्याच स्क्रीनवर क्लिक करून मापे, रंगांचे कोड आणि फॉन्टचा आकार उचलत असे. शंका असली तर तिथेच कॉमेंट, उत्तरही तिथेच. बंद होण्याची सूचना जवळपास वर्षभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, मिळाली होती. अ‍ॅडोबीच्या एक्सडी या तशाच साधनाचे तसे झाले नाही. फिग्मा ही स्पर्धक कंपनी २० अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार अ‍ॅडोबीने २०२२ मध्ये जाहीर केला. युरोप आणि ब्रिटनमधल्या नियामकांच्या हरकतींपुढे तो डिसेंबर २०२३ मध्ये मोडला. दरम्यान एक्सडीची स्वतंत्र विक्री थांबली आणि नव्या सुविधा येणेही बंद झाले. ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांच्या फाइली उघडत राहिल्या, पण पुढे काय हे कुणी सांगेना.

मराठी छपाईने हे सारे आधीच भोगले आहे. पानांच्या मांडणीचे साधन असलेल्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. अ‍ॅडोबीने पुढे इनडिझाइनकडे लक्ष वळवले. तालुक्याच्या गावांतल्या डीटीपी सेंटरांत मात्र पेजमेकर त्यानंतरही वर्षानुवर्षे चालत राहिले, कारण लग्नपत्रिका, स्मरणिका आणि शाळांचे अहवाल त्याच फाइलींत होते. त्यांतला बराचसा मराठी मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पानभर निरर्थक चिन्हे दिसत. मजकूर पुन्हा टाइप करा, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढून ओळ न् ओळ तपासा, एवढेच हाती राही.

साधन बंद होताना चित्रे सहसा वाचतात. मुदतीच्या आत ती उतरवून घेता येतात. निर्णय मात्र मागेच राहतात. वणीच्या बाजारात शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्यासाठी नोंदणीचा एक स्क्रीन घ्यावा. ‘नोंदणी करा’ हे बटण चित्रात दिसते. नेट गेल्यावर ते कसे दिसावे, घाईत दोनदा दाबले गेले तर काय व्हावे, नाव आणि गाव एका ओळीत मावले नाही तर ओळ मोडावी की अक्षर लहान करावे, याची उत्तरे चित्रात नसतात. ती कॉमेंटमध्ये असतात, आणि कॉमेंट साधनाबरोबर जातात. मग काम व्हॉट्सअ‍ॅपवर येते. डिझायनर स्क्रीनशॉट पाठवतो, पाठवताना चित्र दाबले जाऊन रंग किंचित बदलतो, डेव्हलपर त्यावरून अंदाजे कोड काढतो. महिन्याभरात एकाच अ‍ॅपमध्ये हिरव्याच्या तीन छटा होतात आणि खरी कोणती हे दोघांनाही सांगता येत नाही. यात दोघांपैकी कुणाचाही आळस नसतो. ज्या जागेवर दोघे भेटत होते ती जागाच उरलेली नसते.

मराठी स्क्रीनवर आणखी एक अडचण येते. ‘शेतमाल’ या शब्दातली श आणि ल ही दोन्ही अक्षरे मराठी वळणात आणि हिंदी वळणात वेगळी दिसतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण मानले आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि पानाची भाषा मराठी अशी नोंद कोडमध्ये असेल तरच मराठी रूप उमटते. ती नोंद डेव्हलपरने करायची असते, पण ती हवी हे डिझायनरने सांगितलेले असावे लागते. ओळींमधल्या अंतराचेही तसेच. इंग्रजीच्या मापाने ते ठेवले तर रफार वरून आणि उकार खालून कापले जातात. अशी सूचना लिहून न ठेवल्यास पुढच्या माणसाला ती चूक नव्याने करावी लागते, आणि मराठी वाचणाऱ्यालाच ती सोसावी लागते.

यावरचा उपाय महाग नाही. रंग, अंतरे आणि अक्षरांची मापे यांना नावे देऊन ती साध्या मजकूर फाइलीत, कोडच्याच भांडारात ठेवता येतात. डेव्हलपर त्यांना डिझाइन टोकन म्हणतात, आणि त्यांचा सामाईक नमुना डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या एका समुदाय गटाने तयार केला आहे. आयकॉन एसव्हीजी या चित्रस्वरूपात ठेवावेत. २००१ पासून ते खुले मानक आहे. प्रत्येक निर्णयाची तारखेसह दोन ओळींची नोंद त्याच भांडारात असावी. डिझाइनमध्ये आणि कोडमध्ये एकाच घटकाला एकच नाव असावे, हे तर सर्वांत आधी. पेनपॉट हे मुक्त स्रोताचे साधन महाविद्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येते. तेही उद्या मागे पडू शकते, पण त्यात काढलेले एसव्हीजी आणि सीएसएस अन्यत्र वाचता येतील.

विद्यापीठाची स्थापना १९८३ ची, आणि पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षीचे. त्यानंतर पेजमेकर, फायरवर्क्स, फ्लॅश ही साधने आली आणि गेली. पुसद किंवा यवतमाळहून शिकून निघालेले विद्यार्थी पुण्याच्या, नागपूरच्या कंपन्यांत जातात, काही घरी बसून दूरच्या चमूंत काम करतात. एकत्र बसून विचारण्याची सोय नसलेल्या अशा कामात लिहून ठेवलेल्या निर्णयांवरच सारी भिस्त असते.

म्हणून मंडळाने अभ्यासक्रमात एखाद्या सॉफ्टवेअरच्या नावाऐवजी डिझाइन हस्तांतरणाचे कौशल्य लिहावे. प्रात्यक्षिकात एक स्क्रीन मराठीतच असावा. प्रकल्पाच्या मध्यावर साधन काढून घ्यावे, काम विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या जोडीकडे सोपवावे आणि त्या जोडीने मूळ फाइल न उघडता, केवळ टोकन, एसव्हीजी आणि नोंदी यांवरून पुढचा स्क्रीन बांधावा. गुण दोन्ही जोड्यांना मिळावेत, आणि त्यांतला मोठा वाटा सोपवणाऱ्या जोडीच्या नोंदींना असावा.

कळावे.