एक नंबर, एकच जागा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती फुगवून सांगतो. पण एखाद्या कार्यालयाचा फोन नंबर वेबसाईटवर शोधायला बसा. पहिल्या पानावर एक, 'संपर्क' पानावर दुसरा आणि तळाशी तिसराच! जिंतूरहून किंवा पालमहून एस.टी.त बसण्याआधी "साहेब आज आहेत का?" एवढंच विचारायचं असणाऱ्या माणसानं यातला कोणता लावायचा? चुकला, तर त्याची दिवसाची मजुरी आणि तिकीट दोन्ही गेलं.

माझ्या मते यात ऑपरेटरच्या आळसापेक्षा बांधणीचा दोष मोठा. पन्नास पानांवर हातानं टाईप केलेला नंबर पन्नास ठिकाणी बदलावा लागतो, आणि दोन-चार पानं सुटतातच. १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नावात २०१३ साली वसंतराव नाईकांचं नाव आलं. असा बदल पान-पान उघडून करायचा म्हटलं, तर किती रात्री जागाव्या लागतील?

उपाय सोपा आहे. नाव, पत्ता, फोन, ई-मेल डेटाबेसमध्ये एकाच नोंदीत ठेवायचे. पानावर नंबर लिहायचाच नाही, फक्त खूण ठेवायची. पान उघडताना प्रोग्राम नोंद वाचून नंबर तिथं आणून बसवतो. वर्डप्रेसमध्ये अशा खुणेची, म्हणजे शॉर्टकोडची, सोय २००८ पासून आहे.

पण इथंही गंमत आहे. रकाना 'अंक' प्रकारचा ठेवला, तर परभणीच्या ०२४५२ मधलं पहिलं शून्य गायब! म्हणून फोन नंबर नेहमी मजकूर म्हणूनच साठवावा. दुसरं, मोबाईलवर नंबर दाबला की फोन लागतो, तो आतल्या लिंकमुळे. दिसणारा नंबर नवा आणि लिंकमधला जुनाच राहिला, तर फोन जुन्याच जागी वाजतो. दोन्ही एकाच नोंदीतून आले पाहिजेत. आणि स्कॅन करून चढवलेल्या परिपत्रकातला नंबर तर कोणताच प्रोग्राम बदलू शकत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं, की अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करा आणि दरवर्षी अद्ययावत करा. पण बदली काही वर्ष संपायची वाट बघत नाही. म्हणून नंबर साहेबांच्या नावाला नव्हे, पदाला जोडा. साहेब बदलले तरी टेबल तिथंच असतं.

कुणी म्हणेल, एकच नोंद चुकली तर सगळीच पानं चुकतील. खरं आहे! प्रोग्राम नंबर पोचवतो, खरा आहे की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून नोंदीशेजारी 'शेवटचं कधी तपासलं' ही तारीख हवी आणि एका माणसावर जबाबदारी हवी.

तेव्हा फायनल इयरला प्रोजेक्ट शोधत फिरणाऱ्यांनो, फार लांब जाऊ नका. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. एक निवडा, तिथल्या एखाद्या कार्यालयाला विचारून सगळे नंबर एका नोंदीत आणा. मात्र 'सेव्ह' दाबण्याआधी प्रत्येक नंबर एकदा लावून बघा. पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हटलं, तरच तो नंबर खरा!