वाइन रॅक घेण्याआधी थर्मामीटर घ्या

वाइन घरी आणणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. पहिले, आणलेली बाटली त्याच वीकांताला संपवणारे. दुसरे, तिच्यासाठी रॅक घेणारे. माझं मत सरळ पहिल्यांच्या बाजूने आहे. का, ते आता सविस्तर.

हल्ली कोणी नवा फ्लॅट घेतला की इंटिरियरवाला वाइन रॅक सुचवतोच. हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, वरून फोकस लाइट. बारा बाटल्या आडव्या, लेबलं पाहुण्यांकडे. दिसायला झकास! पण वाइनचे शत्रू मोजून चार: उष्णता, तापमानातले चढउतार, उजेड आणि सततचे हादरे. हॉलमधला हा रॅक पहिल्या तिघांना घरी बोलावून चहा पाजतो. वर एखादा स्पीकर असला की चौथाही हजर.

पुस्तकं सांगतात, वाइन साधारण १२-१३ अंशांवर, अंधारात, ६०-७० टक्के आर्द्रतेत ठेवा. हे आकडे युरोपातल्या तळघरांचे. आता आमच्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात या. तळघर सोडा, माळा मिळाला तरी भाग्य. मे महिन्यात दुपारी ३३ अंश, रात्रीही २७-२८च्या खाली उतरत नाही. कॉलेजात शिकलेला ठोकताळा आठवा: तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट. म्हणजे १३ ऐवजी ३० अंशांवर वाइन तिपटीहून जास्त वेगाने म्हातारी होते. बरं, सगळ्या अभिक्रिया सारख्याच प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे ती नुसती लवकर मुरते असंही नाही. तिची चवच वेगळी होते. ताज्या फळाच्या जागी शिजवलेल्या मुरंब्यासारखी.

त्यात आपला एसी. रात्री २४, सकाळी ऑफिसला निघताना बंद, दुपारी घर ३२. वाइन रोज फुगते, रोज आकसते आणि बूच हळूहळू ढिलं होतं. बूच किंचित वर आलेलं दिसलं किंवा बाटलीच्या गळ्याला चिकट डाग असला, तर ती बाटली तापून गेलेली असण्याची शक्यता भरपूर. दुकानात घेतानाही हे बघा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली तर कितीही सवलत दिली तरी नको.

आर्द्रतेचं मात्र आपल्याकडे उलटं आहे. बूच वाळू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात, हे बरोबरच. पण समुद्राला लागून राहणाऱ्याला बूच वाळण्याची काळजी कमी, पावसाळ्यात लेबलला बुरशी येण्याची जास्त. आणि फिरकीचं झाकण असेल, जसं नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना असतं, तर आडवं ठेवण्याची गरजच नाही. म्हणजे ज्या कामासाठी रॅक बनला, ते काम निम्म्या बाटल्यांना लागूच नाही!

आमच्या वस्तीतल्या कोणत्याही मावशीला विचारा, मासळी ठेवण्याचं शास्त्र त्या दोन वाक्यांत सांगतील. ताजा बोंबील आजच खायचा. ठेवायचा असेल तर सुकवायचा, पण मग तो वेगळा पदार्थ. आणि होडीत मासळीवर घातलेला बर्फ ससून डॉकपर्यंत टिकला पाहिजे, मध्ये तुटला की माल गेला. वाइनचंही तेच. बाजारातल्या बहुतेक बाटल्या ताज्या बोंबलासारख्या, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठी बनवलेल्या. जुनी तितकी चांगली, हे फार थोड्या वाइनना लागू, आणि त्याही थंड अंधारात ठेवल्या तरच. आपल्या भाषेत सांगायचं तर घरातली वाइन ही कॅश मेमरी आहे, अर्काइव्ह नव्हे. लागेल तेवढंच ठेवा, वापरा, रिकामं करा.

मग ठेवायची कुठे? घरातली सगळ्यात वाईट जागा म्हणजे फ्रिजच्या वर. तिथे उष्णता आणि कंप दोन्ही फुकट. त्याखालोखाल ओट्यावरची कपाटं, माळा आणि पश्चिमेची भिंत. आमच्याकडे दुपारनंतर समुद्रावरून येणारं ऊन त्या भिंतीला रात्रीपर्यंत तापवतं. सगळ्यात बरी जागा म्हणजे आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा तळ, किंवा दिवाणाखाली लादीवर. मासळीवाल्यांकडे असते तशी जाड थर्माकोलची पेटी (नवी घ्या हो, वास नको) मिळाली तर उत्तमच. ती आतलं थंड करत नाही, पण दिवस-रात्रीचा चढउतार बराच सपाट करते.

दोन-तीन महिने ठेवायचं असेल तर साधा फ्रिज चालतो. तिथली हवा कोरडी असते, त्यामुळे बुचाची बाटली वर्षभर विसरू नका. खरोखर जपण्यासारखी बाटली असेल तर वाइन कूलर घ्या, पण कॉम्प्रेसरचा. थर्मोइलेक्ट्रिक कूलर आवाज करत नाही हे खरं, पण तो खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच थंड करू शकतो. मेमध्ये, एसी बंद असलेल्या घरात, तो धापा टाकतो.

इतकं सांगूनही रॅकच हवा असेल, तर निदान तीन गोष्टी बघा. एक, लोखंडी नको, आमच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजेल. दोन, खाचेची रुंदी. बोर्डो पद्धतीची सरळ बाटली साधारण साडेसात सेंटीमीटर, पण बर्गंडीची आणि फसफसणाऱ्या वाइनची बाटली जाड असते, ती अरुंद खाचेत बसत नाही. तीन, वजन. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो. बारा बाटल्या म्हणजे पंधरा-अठरा किलो, जुन्या भिंतीत दोन स्क्रूंवर टांगण्याआधी विचार करा.

आता मूळ मुद्दा. हा नुसता चवीच्या नखऱ्यांचा विषय असता तर एवढं लिहिलं नसतं. नारायणगावला इंडेजने १९८०च्या दशकात सुरुवात केली, नाशिकला सुलाची पहिली वाइन २००० साली आली, २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेसाठी धोरण आणलं. या सगळ्यामागे द्राक्षं लावणारा शेतकरी आहे. आणि आपण काय करतो? सहा महिने हॉलमध्ये शिजलेली बाटली उघडतो, तोंड वाकडं करतो आणि जाहीर करतो, "इंडियन वाइन म्हणजे काही खरं नाही." परदेशातून आणलेली बाटली मात्र तशीच शिजली तरी "जरा वेगळी आहे, मुरलीये" म्हणून पितो! निकाल देण्याआधी पुरावा नीट ठेवला होता का, हे कोणी विचारत नाही. तीच नाशिकची बाटली वायनरीत जाऊन प्या आणि मग बोला.

जाता जाता अजून एक. रेड वाइन "रूम टेंपरेचरला" प्यायची म्हणतात ती रूम युरोपातली, १६-१८ अंशांची. आपली ३१ची नव्हे. प्यायच्या आधी रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फरक स्वतःच कळेल.

तर रॅकचे पैसे वाचवा. दीडशे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आणा, आठवडाभर कपाटात ठेवा, रोज दुपारी आणि पहाटे आकडा लिहा. मग ठरवा घरात किती बाटल्या ठेवायच्या ते. माझ्या घराचं उत्तर आलं: दोन. आणि त्यातली एक आज रात्री संपणार आहे :)