आमचाच दुष्काळ, आम्हालाच विकत

इंटरनॅशनल डेव्हलपमेंटमध्ये मास्टर्स करायला परदेशी जाऊ का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी स्पष्ट सांगतो: कर्ज काढून जाणार असाल तर अजिबात जाऊ नका. ही पदवी मी ब्रिटनमध्ये घेतली आहे आणि तिच्या जोरावर नोकऱ्याही केल्या आहेत. तिच्यात काय आहे आणि काय नाही, हे मला ठाऊक आहे.

वर्षभराचा अभ्यासक्रम, आणि परदेशी विद्यार्थ्याला नुसती फीच वीस लाखांच्या वर. त्यात एक आठवडा जेंडर, एक आठवडा हवामानबदल, मग लॉगफ्रेम, मग थिअरी ऑफ चेंज अशी प्रकल्प-आखणीची तंत्रं. कशातच खोल उतरायचं नाही. देणगीदाराला पटेल असा प्रस्ताव लिहिणं तेवढं नीट शिकवतात.

आमच्या वर्गात महाराष्ट्राची रोजगार हमी योजना एका स्लाइडपुरती आली आणि गेली. १९७२च्या दुष्काळात इथे काय घडलं? १९७३च्या ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. दुष्काळी मदतीची सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन खडी फोडलेल्या बाया आजही गावोगाव हयात आहेत. रोजगार हमी योजनेमागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे होते, विधान परिषदेचे सभापती. पैसा कुठल्या परदेशी संस्थेचा नव्हता. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापून आणि राज्याच्या इतर करांतून तो उभा केला. १९७७मध्ये कायदा झाला, मागेल त्याला काम हा हक्क झाला. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचं मूळ तिथे आहे. शहराने खेड्याला कायद्याने देणं लागावं, एवढी मोठी गोष्ट एका राज्याने स्वतःच्या बळावर केली. स्लाइडवर यातलं काही नव्हतं. देणगीदाराशिवाय झालेलं काम या विषयाला दिसतच नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

डॉक्टर दाम्पत्य अभय आणि राणी बंगही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकले, हे मला कोणीतरी ऐकवेलच. हो, शिकले. पण सार्वजनिक आरोग्य शिकले. मोजायचं कसं, हे शिकून गडचिरोलीत जाऊन राहिले. तिथे गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. परदेशी शिकण्याला माझा विरोध नाहीच. साथरोगशास्त्र शिका, भूजल शिका, संख्याशास्त्र शिका, कायदा शिका. हातात काहीतरी घेऊन या. डेव्हलपमेंटची पदवी हातात काहीच देत नाही. ती फक्त तुम्हाला ज्यांच्या हातात कसब आहे त्यांच्या डोक्यावर बसवते.

मुंबई-पुण्यातल्या फाउंडेशनांच्या नोकरीच्या जाहिराती वाचा. मास्टर्स हवं, परदेशी विद्यापीठाचं असल्यास प्राधान्य. मग त्या जागेवर आलेला पंचविशीतला सल्लागार आशाताईंनी दारोदार फिरून भरलेल्या माहितीचे आलेख काढतो आणि त्याच आशाताईंना क्षमतावर्धनाचे धडे देतो. सरकार त्या ताईंना कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका म्हणतं आणि मोबदल्यावर राबवतं. गावातलं कुठलं मूल का दगावलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. मुलाखतीच्या खोलीत मात्र त्यांना कोणी बोलवत नाही.

शिवाय ज्या नोकऱ्यांचं गाजर दाखवून फी घेतात, त्या तरी कुठे आहेत? संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला पगार नाही. न्यूयॉर्कचं भाडं बापाने भरायचं. ब्रिटनने २०२१मध्ये परदेशी मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५वर आणला. २०२५मध्ये अमेरिकेची परदेशी मदतसंस्था यूएसएड बंदच झाली. विद्यापीठांनी हे प्रवेशाआधी विद्यार्थ्याला सांगायला हवं. न सांगता फी घेणं ही फसवणूक आहे.

आणि फाउंडेशनांनी ती मास्टर्सची अट जाहिरातीतून आजच काढावी. दहा वर्षं गावात काम केलेल्या आशाताईला, रोजगार सेवकाला अर्ज करता आला पाहिजे, तोही मराठीत, आणि पगार त्या सल्लागाराएवढाच मिळाला पाहिजे.